नवीन ग्राफिक कार्ड येतंय म्हणे: थांबायचं की घ्यायचं, हे ठरवायचा क्रम

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कुठल्याही कॉम्प्युटर दुकानाच्या काउंटरवर थोडा वेळ उभं राहिलं, तर असा संवाद हमखास कानावर पडतो:

"दादा, नवीन सिरीज येणार हाय म्हणं. थांबू का हेच घेऊ?"

"थांब की. पण आत्ता कार्ड कुठलं हाय तुझं?"

"सोळाशे पन्नास."

"आणि एसएमपीएस?"

"ते काय बघितलं नाही. कॅबिनेटसोबतच आलं हुतं."

गाडी अडते ती इथेच. सोळाशे पन्नास म्हणजे एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १६५० हे ग्राफिक कार्ड, गेमचं चित्र तयार करणारा भाग. एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, थोडक्यात सप्लाय. येणाऱ्या कार्डाची मेमरी, वॉट, किंमत सगळं पाठ असतं, पण आपल्याच मशीनमध्ये काय बसवलंय ते माहीत नसतं. मग कुणी वर्षभर थांबून राहतो आणि शेवटी जास्त पैसे मोजून तेच कार्ड घेतो. कुणी घाईत घेतो आणि घरी आल्यावर कळतं की सप्लाय पुरत नाही. दोघांचाही क्रम उलटा झालेला असतो. अफवा वाचायला हरकत नाही, त्यांचा उपयोगही आहे. फक्त त्यांची पाळी खाली दिलेल्या क्रमात सहावी येते. आधीच्या पाच पायऱ्या झाल्याशिवाय कुठल्याही अफवेवरून तुमच्यासाठी काहीच ठरत नाही.

हा लेख डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी आहे. लॅपटॉपमधलं कार्ड सहसा बदलता येत नाही, त्यामुळे तिथला हिशेब वेगळा.

## पायरी १: मशीनची कुंडली कागदावर मांडा

मोबाइलमध्ये नको, कागदावरच लिहा. दुकानात जाताना तोच कागद खिशात हवा.

प्रोसेसर, रॅम आणि सध्याचं कार्ड टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये दिसतं. मदरबोर्डचं मॉडेल 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडल्यावर बेसबोर्ड प्रॉडक्ट या ओळीत सापडतं. मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि किती हर्ट्झ तेही लिहा. त्याखाली तुम्ही प्रत्यक्षात खेळता ते तीन-चार गेम लिहा. कधीतरी खेळायचे आहेत ते लिहू नका.

एसएमपीएस मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. मशीन बंद करून, प्लग काढून, कॅबिनेटचं झाकण उघडा आणि स्टिकर वाचा. वर मोठ्या अक्षरात लिहिलेला वॉटचा आकडा सोडून द्या. खालच्या तक्त्यात '+१२ व्होल्ट'च्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते शोधा आणि त्याला १२ ने गुणा. वर ४५० वॉट लिहिलंय आणि १२ व्होल्टला २५ अँपिअरच आहेत, तर कार्ड आणि प्रोसेसर मिळून हाताशी फक्त ३०० वॉट आहेत. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या सप्लायमध्ये ही तफावत नेहमी सापडते.

झाकण उघडंच आहे तर मोजपट्टी लावा. मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत किती मिलिमीटर मोकळे आहेत, आणि कार्डाच्या खाली किती स्लॉट रिकामे आहेत, ते लिहून घ्या. आजची बरीच कार्डं ३०० मिलिमीटरच्या पुढे जातात आणि अडीच-तीन स्लॉट खातात.

तपासणी: टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक करा. 'स्लॉट्स यूज्ड' समोर २ पैकी १ किंवा ४ पैकी १ दिसत असेल, तर रॅम एकाच चॅनेलवर चालते आहे, म्हणजे तिला निम्माच रस्ता मिळतोय. तिथेच स्पीड २१३३ किंवा २४०० दिसतोय आणि रॅमच्या पट्टीवर ३२०० छापलंय, तर बायोसमधलं (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधलं) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापलेल्या वेगाने चालवायची सोय, बंद आहे. ते चालू करायला पैसे लागत नाहीत. पुढची मोजणी त्यानंतरच करा.

## पायरी २: नेमकं कमी कुठे पडतंय ते मोजा

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर टाका. स्क्रीनवर कार्डाचा वापर टक्क्यांत, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), तापमान, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा वापर आणि एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) दिसू द्या. व्हीसिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा बंद करा, नाहीतर आकडे फसवतात. मग रोजचा गेम, रोजच्या सेटिंगवर, किमान वीस मिनिटं खेळा. मेनूत किंवा ट्रेनिंगच्या मैदानात नको. जिथे गर्दी होते, धूर होतो, जिथे तुम्हाला अडकल्यासारखं वाटतं, तिथले आकडे बघा.

कार्डाचा वापर सतत ९५ ते ९९ टक्के असेल, तर कार्डच कमी पडतंय. अपग्रेडचा विचार रास्त आहे.

वापर ६०-७० टक्क्यांवर आणि तरी एफपीएस कमी, तर दोष प्रोसेसरचा किंवा रॅमचा आहे. खात्री करायची तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस जवळपास तेवढेच राहिले, तर नवीन कार्ड घालूनही ते वाढणार नाहीत. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्यांनी ही चाचणी चुकवूच नये, कारण हे गेम कमी सेटिंगवर प्रोसेसरलाच जास्त धरतात. बी४५० बोर्डावर रायझन ५ ३६०० असलेल्याला बायोस अपडेट करून ५६०० किंवा ५७००एक्स टाकल्यावर जो फरक दिसेल, तो अशा गेममध्ये नव्या कार्डाने दिसणार नाही. खर्चही बराच कमी.

तिसरी शक्यता उष्णतेची. वापर ९९ टक्के आहे, पण खेळता खेळता तापमान ८५ च्या वर जातं आणि कोअर क्लॉक, म्हणजे कार्डाचा वेग, उतरत जातो. एप्रिल-मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत हे घडतंच. खोली जितकी तापते, साधारण तितकंच कार्डाचं तापमान वर सरकतं. धूळ झाडा, पुढची जाळी साफ करा, तीन-चार वर्षांचं कार्ड असेल तर चिपवरची थर्मल पेस्ट बदलून घ्या आणि पुन्हा मोजा.

नेहमीची चूक: प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्के दिसला की "प्रोसेसर निवांत आहे" असं समजणं. बारा थ्रेडपैकी (प्रोसेसरच्या कामाच्या रांगांपैकी) एखादाच ठासून भरलेला असतो आणि बाकीचे बरेचसे मोकळे, म्हणून सरासरी कमी दिसते. प्रत्येक कोअर वेगळा बघा.

आलेले आकडे गेमच्या नावासमोर लिहा: सरासरी एफपीएस, एक टक्का लो (सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा एफपीएस), कार्डाचा वापर, व्हीरॅम. गेममधली जागाही लिहून ठेवा, नवीन कार्ड आल्यावर तिथेच परत मोजायचं आहे.

## पायरी ३: फुकट मिळेल ते आधी वसूल करा

एनव्हिडियाचं आरटीएक्स २० सिरीजपासून पुढचं कुठलंही कार्ड असेल, तर डीएलएसएस ४ सोबत जानेवारी २०२५ मध्ये आलेलं नवं अपस्केलिंग मॉडेल (कमी रिझोल्यूशनवर काढलेलं चित्र मोठं करणारं) तुमच्याही कार्डावर चालतं. एनव्हिडिया अ‍ॅपमधून अनेक गेममध्ये ते सक्तीने लावता येतं. जुन्या मॉडेलवर 'क्वालिटी' या पातळीला जे चित्र मिळत होतं, त्याच्या जवळपासचं 'परफॉर्मन्स'ला मिळतं. जादा फ्रेम तयार करणारं फ्रेम जनरेशन मात्र ४० आणि ५० सिरीजवरच, आणि त्याचा मल्टी प्रकार फक्त ५० वर. स्पर्धक कंपनी एएमडीचं अशाच कामाचं एफएसआर ४ २०२५ मध्ये अधिकृतपणे आरएक्स ९००० सिरीजसाठीच आलं.

व्हीरॅम अपुरा पडण्याचं दुखणं वेगळं ओळखू येतं. सरासरी एफपीएस ठीक असतात, पण मध्येच झटके बसतात, भिंतींचे टेक्श्चर चिखलासारखे दिसतात आणि तासाभराने गेम जड होतो. त्यावर पहिला उपाय म्हणजे टेक्श्चर एक पायरी खाली आणणं. बाकी सेटिंगला हात लावू नका.

एका बाबतीत मात्र फुकटचा इलाज नाही. जीटीएक्स १०५० टीआय, १०६०, १०७०, १०८० या पास्कल पिढीच्या कार्डांना नवीन गेमसाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) मिळणं ऑक्टोबर २०२५ पासून थांबलं. सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील. १६५० आणि १६६० ट्यूरिंग पिढीची आहेत, त्यांना हे लागू नाही. दोन्ही 'जीटीएक्स' म्हणून एकच समजू नका.

## पायरी ४: सप्लाय, कॅबिनेट, बोर्ड

हे काम कार्ड निवडण्याआधी करा, कारण तुमच्या कार्डाची कमाल मर्यादा इथेच ठरते.

एनव्हिडियाने सांगितलेला किमान सप्लाय असा: आरटीएक्स ५०६० ला ५५० वॉट, ५०६० टीआयला ६००, ५०७० ला ६५०, ५०७० टीआयला ७५०, ५०८० ला ८५०. एएमडीच्या आरएक्स ९०७० एक्सटीलाही ७५०. हे आकडे बऱ्या कंपनीच्या सप्लायचे आहेत, कॅबिनेटसोबत आलेल्याचे नाहीत. ८० प्लसचं ब्रॉन्झ-गोल्ड हे वीज किती वाया जाते त्याचं माप आहे, सप्लायच्या टिकाऊपणाची हमी नाही.

बोर्डाचं बघा. आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय आठच पीसीआय लेन (बोर्ड आणि कार्ड यांच्यातले डेटाचे रस्ते) वापरतात. बी४५० सारख्या पीसीआय ३.० च्या बोर्डावर त्यांना निम्म्याहून कमी रस्ता मिळतो, आणि ८ जीबीच्या कार्डाचा व्हीरॅम भरला की तिथे झटके जास्त बसतात. अशा बोर्डावर १६ जीबीचं कार्ड घ्या, किंवा सोळा लेनचं आरएक्स ९०६० एक्सटी बघा. इंटेलचं आर्क बी५८० घ्यायचं असेल तर बोर्डावर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू होतो का, ते आधी तपासा. त्याच्याशिवाय ते कार्ड मार खातं.

यूपीएस विसरू नका. दुकानात सहज मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. गेम चालू असताना लाइट गेली तर नवीन मशीन त्याच्यावर टिकणार नाही, लगेच बंद पडेल. आणि शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर त्या प्लगवर पन्नास हजारांचं कार्ड चालवू नका.

तपासणी: इथपर्यंत कागदावर एक ओळ लिहिता आली पाहिजे. 'माझ्या मशीनला जास्तीत जास्त इतक्या वॉटचं, इतक्या मिलिमीटरचं कार्ड चालतं. त्यापुढे जायचं तर सप्लायचे इतके पैसे वेगळे.'

## पायरी ५: एक रक्कम, एक तारीख

रक्कम म्हणजे फक्त कार्डाची नव्हे. सप्लाय, लागलाच तर प्रोसेसर, सगळं धरून. तारीख म्हणजे 'या दिवसानंतर मी थांबणार नाही' असा दिवस. परीक्षा संपते तो, बोनस होतो तो, दसरा-दिवाळी, काहीही असो. पण आजच लिहा. अफवा वाचायला बसल्यावर ही तारीख पुढे सरकवायचा मोह होतो, म्हणून ती आधी ठरवायची.

परदेशी बातम्यांत किंमत डॉलरमध्ये येते. तिला नुसत्या विनिमय दराने गुणून खुश होऊ नका. अमेरिकेतल्या किमतीत कर धरलेला नसतो, आपल्याकडे १८ टक्के जीएसटी लागतो, वर आयात आणि वितरणाचा खर्च. जानेवारी २०२५ चा दाखला घ्या: ५०७० ची किंमत ५४९ डॉलर आणि भारतात ५९,००० रुपये, ५०७० टीआय ७४९ डॉलर आणि ८०,०००, ५०८० ९९९ डॉलर आणि १,०७,०००. भागाकार करून बघा, एका डॉलरला जवळपास १०७ रुपये पडले. डॉलर तेव्हा ८६ च्या आसपास होता. म्हणजे त्या दिवसाच्या दरात चोवीस-पंचवीस टक्के वाढवले की भारतातल्या जाहीर किमतीचा अंदाज बसतो. दुकानातली किंमत त्याहूनही वर असू शकते.

## पायरी ६: आता अफवा चाळा

कागद समोर ठेवून बसा. प्रत्येक अफवेला एकच प्रश्न विचारायचा: हे कार्ड माझ्या रकमेत, माझ्या तारखेच्या आत, कोल्हापुरात माझ्या हातात पडेल का? बाकी सगळी करमणूक.

क) कोण सांगतंय ते बघा. कंपनीने स्टेजवरून किंवा संकेतस्थळावर सांगितलेलं सगळ्यात वर. त्याखाली कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांच्या नोंदी, मालवाहतुकीच्या यादीत दिसलेलं बोर्ड, ड्रायव्हरमध्ये सापडलेलं नाव. यावरून काहीतरी बनतंय एवढंच कळतं. कधी आणि केवढ्याला, ते नाही. त्याखाली ओळीने बरोबर ठरत आलेले लीकर, म्हणजे आतली माहिती फोडणारे. आणि सगळ्यात तळाला लाल बाण काढलेले व्हिडिओ, जे बहुधा तीच एक पोस्ट फिरवून सांगत असतात. दहा ठिकाणी बातमी दिसली म्हणून दहा सूत्रं होत नाहीत. मूळ पोस्ट एकच आहे का, ते शोधा.

ख) मेमरीचं गणित करा. कोणालाही दोन मिनिटांत जमणारी ही चाचणी आहे. जीडीडीआर मेमरीची प्रत्येक चिप ३२ बिटची असते. बस, म्हणजे मेमरीकडे जाणारा रस्ता, किती बिटची आहे त्याला ३२ ने भागा, चिपांची संख्या मिळाली. १२८ बिट म्हणजे ४ चिपा, १९२ म्हणजे ६, २५६ म्हणजे ८. चिप २ जीबीची धरली तर ८, १२ आणि १६ जीबी होतात. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना चिपा लावल्या तर दुप्पट. ५०६० टीआयचं १६ जीबीचं कार्ड तसंच बनतं. जीडीडीआर ७ मध्ये ३ जीबीच्या चिपाही आहेत, त्या लावल्या तर १९२ बिटवर १८ आणि २५६ बिटवर २४ होतात. आता कुणी '१९२ बिट, १६ जीबी' असं सांगत असेल, तर ते नेहमीच्या बांधणीत बसत नाही. अफवा तिथेच बाजूला ठेवा.

पण गणित जुळलं म्हणजे कार्ड येणारच असंही नाही. आरटीएक्स ५० सुपर या अफवेतल्या सुधारित कार्डांचं बघा. १८ जीबीचं ५०७० सुपर, २४ जीबीचं ५०८० सुपर, आकडे अगदी चोख बसणारे. लोक त्यावर विसंबून थांबले. २०२५ च्या शेवटी एआय सर्व्हरच्या मागणीमुळे मेमरीचे भाव भडकले, आणि जानेवारी २०२६ च्या सीईएस या तंत्रज्ञान प्रदर्शनात एनव्हिडियाने एकही नवीन डेस्कटॉप कार्ड जाहीर केलं नाही. अफवेतली चिप खरी, बस खरी, आणि कार्ड मात्र नाही.

ग) वॉटच्या अफवेवर खरेदी करू नका. ४०९० च्या आधी, २०२२ मध्ये, ६०० वॉट आणि त्याहून मोठे आकडे फिरत होते. ऑक्टोबरमध्ये कार्ड आलं ते ४५० वॉटचं. कार्ड हातात येण्याआधी सप्लाय घेऊन ठेवायचं कारण नाही.

घ) कंपनीचं बोलणंही तपासा. जानेवारी २०२५ मध्ये '५४९ डॉलरमध्ये ४०९० ची ताकद' असं ५०७० बद्दल स्टेजवरून सांगितलं गेलं. त्यात मल्टी फ्रेम जनरेशन धरलेलं होतं. ते बाजूला ठेवून मोजलं, तर ५०७० हे ४०७० सुपरच्या आसपास येतं, आणि मेमरी १२ जीबी, ४०९० च्या निम्मी. फ्रेम जनरेशन चित्र गुळगुळीत करतं, पण माउसचा प्रतिसाद मूळ एफपीएसवरच अवलंबून राहतो. मूळ ३० असताना ते लावून १०० दिसले, तरी हाताला ३० च लागतात. आलेखाखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय आलेख बघू नका.

जाहीर झालेलं कार्डही मागे घेतलं जाऊ शकतं. २० सप्टेंबर २०२२ ला जाहीर केलेलं १२ जीबीचं ४०८० एनव्हिडियाने १४ ऑक्टोबरला रद्द केलं. तेच जानेवारी २०२३ मध्ये ४०७० टीआय म्हणून आलं, शंभर डॉलरने स्वस्त होऊन. त्यामुळे स्वतंत्र चाचण्या येण्याआधी दुकानात बयाणा देऊ नका.

च) तुमच्या वर्गाची तारीख काढा. सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे. अफवेतली तारीख असते सगळ्यात महागड्या कार्डाची, आणि खिसा असतो ६० च्या वर्गाचा, म्हणजे ३०६०, ४०६०, ५०६० असल्या कार्डांचा. ३० सिरीजची मोठी कार्डं सप्टेंबर २०२० मध्ये आली, ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये. ४०९० ऑक्टोबर २०२२, ४०६० जून २०२३. ५०९० जानेवारी २०२५, ५०६० मे २०२५. म्हणजे चार ते आठ महिने वाढवायचे. त्यावर पहिल्या काही आठवड्यांची टंचाई. मार्च २०२५ मध्ये आरएक्स ९०७० एक्सटी ५९९ डॉलर या जाहीर किमतीला बाजारात आलं, पण त्या किमतीत मिळणं सुरुवातीला मुश्किल होतं. आणि आपल्याकडे महागडी कार्डं मांडून ठेवणारी दुकानं मोजकीच. बाकीचे ऑर्डर घेऊन पुण्या-मुंबईहून मागवतात, म्हणजे आणखी काही दिवस गेले.

हे सगळं मिळवून आलेली तारीख कागदावरच्या तारखेच्या पलीकडे जाते का? जात असेल तर ती अफवा तुमच्यासाठी नाही, कितीही खरी असली तरी.

## पायरी ७: निकाल लावा

तीनच निकाल शक्य आहेत.

आत्ता घ्या: कार्ड बंद पडलंय, किंवा पायरी २ मध्ये कार्डच कमी पडतंय हे सिद्ध झालंय, रकमेत बसणारं कार्ड सध्याच्या किमान दीडपट एफपीएस देतंय, आणि तुमच्या वर्गातलं नवीन काही अधिकृतपणे जाहीर झालेलं नाही. १०८० रिझोल्यूशनवर खेळणाऱ्यालाही नवीन घेताना ८ जीबीचं कार्ड मी सुचवणार नाही; १४४० साठी १२ कमीत कमी, १६ उत्तम. पैसे थोडे जास्त जातील, पण मेमरी नंतर वाढवता येत नाही.

थांबा: तुमच्याच वर्गातलं कार्ड कंपनीने तारखेसह जाहीर केलंय आणि ती तारीख कागदावरच्या तारखेच्या आत आहे. नुसत्या लीकवर थांबू नका. 'नवीन आलं की जुनं स्वस्त होईल' यावरही फार भिस्त ठेवू नका. जुन्याचं उत्पादन आधीच थांबवलेलं असतं, त्यामुळे दुकानातला माल स्वस्त होण्याआधी संपतो. भाव पडतो तो सेकंडहँडचा.

कार्ड घेऊच नका: प्रोसेसर, रॅम किंवा उष्णता अडवतेय, किंवा फायदा दीडपटीपेक्षा बराच कमी आहे.

जुनं कार्ड विकायचं असेल तर नव्याची अधिकृत घोषणा होण्याआधी विका, नंतर गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. पण तुमच्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक आहे का, ते आधी बघा. रायझन ५ ५६०० मध्ये किंवा इंटेलच्या एफ अक्षरवाल्या प्रोसेसरमध्ये ते नसतं. कार्ड गेलं की स्क्रीन काळी.

## पायरी ८: खरेदी

बिल जीएसटीचं, त्यावर कार्डाचा सिरीयल नंबर लिहिलेला. दुकानातच खोका, कार्डावरचा स्टिकर आणि बिल, तिन्हीकडचा नंबर जुळवा. वॉरंटी किती वर्षं हे सगळे विचारतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बिघडलं तर कार्ड कुठे पाठवायचं, कुरिअरचा खर्च कुणाचा, आणि वॉरंटी बिलावर मिळते की सिरीयलवर. परदेशातून नातेवाइकाकडून मागवताना, त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का ते लेखी विचारा. ऑनलाइन मागवलं तर खोका न उघडता व्हिडिओ सुरू करा, सील तोडल्यापासून कार्ड बाहेर येईपर्यंत एका दमात.

सेकंडहँड घेताना चालू मशीनमध्ये बघूनच घ्या. जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडा, बनावट बायोस टाकलेलं कार्ड बहुतेक वेळा तिथे पकडलं जातं. मग किमान अर्धा तास जड गेम चालवा, पंख्याच्या आवाजाकडे कान द्या, दोन-तीन डिस्प्ले पोर्ट बदलून बघा. आपल्याकडे आणखी एक गोष्ट बघायलाच हवी. पट्टीवर, स्क्रूवर गंज आहे का? चिपांच्या कडेला पांढरट भुकटी किंवा सुकलेल्या गाळाची रेघ आहे का? २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी अनेक घरांत, दुकानांत शिरलं होतं. तेव्हाचं मशीन वाळवून चालू झालेलं असलं तरी त्यातलं कार्ड घेऊ नका.

## पायरी ९: बसवणं

हा क्रम मोडू नका.

१. नवीन कार्डाचा ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून ठेवा. कंपनी बदलत असाल, म्हणजे एनव्हिडियावरून एएमडी किंवा उलट, तर इंटरनेट तोडून सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर काढा.

२. मशीन बंद करा, सप्लायचं बटण बंद करा, प्लग काढा. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा.

३. जुन्या कार्डाची पॉवर केबल आधी काढा, मग मागचे स्क्रू, मग स्लॉटच्या टोकाचा खटका दाबा, आणि शेवटी कार्ड सरळ वर उचला. खटका न दाबता ओढल्याने स्लॉट फुटतात.

४. नवीन कार्ड 'खट्' आवाज येईपर्यंत बसवा, स्क्रू आवळा, मग केबल. सप्लायमधून येणारी एकच केबल दोन तोंडांत वाटून लावण्यापेक्षा मोठ्या कार्डाला दोन स्वतंत्र केबल द्या.

५. बारीक सोळा पिनांचं नवीन कनेक्टर असेल तर इथे थांबा. अंगठ्याने पूर्ण आत ढकला, टॉर्च मारून बाजूने बघा. कनेक्टर आणि कार्ड यांच्यात केसाएवढीही फट दिसता कामा नये. पहिले तीन-चार सेंटिमीटर केबल सरळ राहू द्या, त्यानंतरच वाकवा. अर्धवट बसलेल्या कनेक्टरमध्ये पिना तापतात आणि प्लॅस्टिक वितळतं. कॅबिनेटची काच लावताना केबलवर दाब येत असेल, तर काच न लावता चालवा, पण दाबून लावू नका.

६. मॉनिटरची केबल कार्डाला लावा. मदरबोर्डला लावून 'कार्ड चालत नाही' म्हणून दुकानात परत येणारे आजही आहेत.

सावधान: जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) सप्लायच्या केबल नव्या सप्लायला लावू नका. कार्डाकडचं तोंड सारखं असतं, सप्लायकडच्या तोंडातल्या तारांची जागा कंपनीनुसार बदलते. चुकीची केबल लावली तर कार्ड पहिल्याच क्षणी जळू शकतं, आणि ते वॉरंटीत बसत नाही.

ड्रायव्हर टाकल्यावर बायोसमध्ये रिसायझेबल बार चालू करा, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर चालत राहणं फार वेळा घडतं.

## पायरी १०: पहिला आठवडा

कागद पुन्हा काढा. तोच गेम, तीच जागा, तीच सेटिंग. आकडे जुन्याशेजारी लिहा. अपेक्षेपेक्षा वाढ कमी असेल आणि कार्डाचा वापर आता ६०-७० टक्क्यांवर आला असेल, तर आता प्रोसेसर अडवतोय. रिझोल्यूशन किंवा सेटिंग वाढवून कार्डाला काम द्या. वापर ९९ टक्के असून एफपीएस कमी असतील, तर तापमान आणि ड्रायव्हर तपासा.

भार पडल्यावर मशीन अचानक रीस्टार्ट होत असेल तर पहिला संशय सप्लायवर घ्या. स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा चौकटी दिसल्या तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत दुकानदाराला दाखवा. बारीक किर्र आवाज जास्त एफपीएसला बऱ्याच कार्डांना येतो. एफपीएसला मर्यादा घातली की तो कमी होतो. त्याला बिघाड म्हणून सहसा बदलून मिळत नाही.

वीजबिलाचाही अंदाज घ्या. कार्ड आधीपेक्षा १०० वॉट जास्त घेत असेल आणि रोज चार तास खेळत असाल, तर महिन्याला १२ युनिट वाढतात.

बिलाचा फोटो काढून मेलवर टाका, कारण थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते. खोका आतल्या फोमसकट कोरड्या जागी ठेवा. वॉरंटीसाठी कार्ड पुण्या-मुंबईला पाठवायची वेळ आली, तर ते त्याच खोक्यातून जायला हवं.